कण्या, आंबील आणि ओट

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका शाळेत आठवीच्या वर्गाला आम्ही सहज विचारलं होतं, "आज सकाळी काय खाऊन आलात?" चहा-बटर, चहा-चपाती, पोहे, बिस्किटं अशी उत्तरं आली. एक मुलगी मात्र काही सांगेना. शेवटी तिच्या शेजारणीनंच सांगून टाकलं, "सर, ती कण्या खाऊन आलीय." वर्गात हशा पिकला. ती मुलगी मान खाली घालून बसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सांगलीत एका स्नेह्यांकडे मुक्काम होता. त्यांना डॉक्टरांनी सकाळच्या खाण्यात ओट घ्यायला सांगितले होते. वहिनींनी पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे ते शिजवले. वाडग्यातल्या राखाडी, बुळबुळीत लापशीकडे बघत ते म्हणाले, "औषध समजून गिळायचं, झालं!" पण शेजारी कोणी आलं की हेच गृहस्थ जरा ऐटीतच सांगायचे, "आम्ही हल्ली ओट खातो."

एका वाडग्याची लाज आणि दुसऱ्याची ऐट. पातेल्यात डोकावून पाहिलं तर दोन्हीकडे एकच गोष्ट चालू असते. भरडलेलं किंवा चेपलेलं धान्य पाण्यात शिजत असतं. ते शिजताना नेमकं काय होतं? लापशी रुचकर आणि पौष्टिक करायची तर कुठे लक्ष द्यायचं? आणि पोट भरलं तरी ती काही जणांना पुरत नाही, असं का होतं? या तीन प्रश्नांचा विचार या लेखात करू.

पाऊस बदलतो तसं पातेलं बदलतं

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या दहिवडीला तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. त्यामुळे जावळी-पाटणच्या डोंगरात भात, नाचणी आणि वरी पिकते. माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांत ज्वारी-बाजरी पिकते. साहजिकच डोंगरात नाचणीची आंबील, पठारावर ज्वारीच्या कण्या आणि ज्वारीची आंबील, जोडीला हुलग्याचं माडगं, अशी आपली लापश्यांची वाटणी झाली. पावसाळा संपल्यावर काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी वाढते. भाकरीसाठी नावाजलेलं 'मालदांडी ३५-१' हे वाण १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलं गेलं. आजही या भागात ज्वारी म्हटलं की अनेकांना मालदांडीच आठवते.

पुढे कालव्याचं पाणी आलं तिथे ऊस-द्राक्षं आली, रेशनवर गहू-तांदूळ आले आणि कण्या मागे पडल्या. १९७२ च्या दुष्काळात 'मिलो' म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी खावी लागली. तिच्या आठवणी अजूनही जुनी माणसं सांगतात. भरड धान्य म्हणजे गरिबी, हे समीकरण असं पक्कं होत गेलं.

ओटचा इतिहासही याहून फार वेगळा नाही. थंड, ओलसर हवेच्या स्कॉटलंडमध्ये गहू नीट येत नसे, म्हणून तिथल्या सामान्य लोकांचं ते धान्य होतं. अठराव्या शतकात शेजारच्या इंग्लंडमध्ये ओट घोड्यांना घालत आणि ते खाणाऱ्या स्कॉटिश माणसांची थट्टा करत. आपल्याकडेही गोठा असलेले शेतकरी रब्बीत हिरव्या चाऱ्यासाठी ओट पेरतात. म्हणजे प्रतिष्ठा किंवा कमीपणा दाण्यात नसतो, तो आपण चिकटवतो. दाण्यात काय असतं ते आता पाहू.

पातेल्यात काय घडतं?

ज्वारी असो वा ओट, दाण्याचा सर्वांत मोठा भाग स्टार्चचा असतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. दाण्यात या साखळ्या अतिशय बारीक कणांमध्ये घट्ट गुंडाळून ठेवलेल्या असतात. थंड पाण्यात पीठ कालवून ठेवलं तर ते विरघळत नाही, थोड्या वेळानं तळाशी बसतं. पाणी तापू लागलं की मात्र चित्र बदलतं. ज्वारीच्या बाबतीत साधारण ७० अंश सेल्सिअसच्या सुमारास हे कण पाणी शोषून टरारून फुगतात. काही साखळ्या कणातून बाहेर पडून पाण्यात पसरतात. फुगलेले कण एकमेकांना खेटतात, मोकळं पाणी उरत नाही आणि पातेल्यातला पदार्थ दाट होतो. लापशी 'आळते' ती अशी.

गार होताना पाण्यात पसरलेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ येतात आणि पाणी मध्ये अडकवून ठेवतात. म्हणून सकाळी पळीवाढ्या असलेल्या कण्या दुपारी वडीसारख्या थापल्या जातात.

या एवढ्या माहितीवरून स्वयंपाकघरातल्या काही गोष्टींचा उलगडा होतो. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गाठी का होतात? पिठाच्या गोळ्याचा बाहेरचा थर तत्काळ फुगतो आणि चिकट होतो, आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचूच देत नाही. म्हणून आंबिलीचं पीठ आधी गार पाण्यात किंवा ताकात कालवून घ्यायचं. ज्वारीच्या भाकरीचं पीठ गरम पाण्यात का मळतात, याचं उत्तरही इथेच आहे. ज्वारीत गव्हासारखं चिवट ग्लुटेन नसतं. पीठ बांधून ठेवायचं काम फुगलेला स्टार्च करतो.

भरड की बारीक?

ज्वारीला थोडं पाणी लावून, उखळात सडून कोंडा मोकळा करायचा, ती जात्यावर भरडायची आणि चाळायची. चाळणीवर राहतात त्या कण्या. कणी जाड असली की पाणी आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून ती आधी भिजवावी लागते आणि मंद आचेवर शिजवावी लागते. पोटातही तसंच होतं. पाचक रसांना जाड कणीच्या आत शिरायला वेळ लागतो, साखर रक्तात हळूहळू येते आणि भूक लवकर लागत नाही. तीच ज्वारी वस्त्रगाळ दळून पातळ पेज केली की हा फायदा कमी होतो.

बाजारात ओट निरनिराळ्या प्रकारे मिळतात. कापलेले ओट म्हणजे ओटच्या कण्याच. चेपलेले ओट आधी वाफवून रुळांतून काढलेले असतात. झटपट शिजणारे ओट अधिक पातळ चेपलेले किंवा बारीक केलेले असतात. वाफवण्यामागे एक कारण आहे. ओटमध्ये तेलाचं प्रमाण बरंच, सुमारे सात टक्के असतं. ते तेल फोडणारं विकरही दाण्यात असतं. दाणा फुटला की दोघांची गाठ पडते आणि पीठ खवट होतं. वाफेनं विकर निकामी होतं. बाजरीचं पीठ चार-आठ दिवसांत कडवट होतं तेही अशाच कारणानं. म्हणून कण्या आणि पीठ थोडं थोडंच दळून आणावं.

ओटमध्ये वेगळं काय आहे?

ओटची लापशी बुळबुळीत होते ती 'बीटा-ग्लुकान' या विद्राव्य तंतुमय पदार्थामुळे. तो ओटमध्ये साधारण चार टक्के असतो. आतड्यात तो जेलीसारखा पसरतो, पित्तातली आम्लं धरून शरीराबाहेर नेतो आणि ती पुन्हा तयार करण्यासाठी यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल काहीसं कमी होतं, या पुराव्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्ये ओटच्या पाकिटांवर तसा उल्लेख करायला परवानगी दिली.

ज्वारीत बीटा-ग्लुकान फारच थोडं असतं. तेव्हा 'कण्या म्हणजे आपले ओटच' असं म्हणणं बरोबर नाही. ज्वारीतले तंतू बहुतांशी न विरघळणारे असतात. त्यांचा उपयोग पोट साफ राहायला होतो. ज्वारीत शंभर ग्रॅमला सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं आणि चार मिलिग्रॅम लोह असतं. नाचणीत कॅल्शियम शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे इतर तृणधान्यांच्या कितीतरी पट असतं. प्रत्येक दाण्याची बाजू निराळी आहे.

चव कुठून येते?

उकळत्या पाण्याचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. भाजक्या दाण्याचा खमंगपणा मात्र त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला, प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या प्रक्रियेतून येतो. म्हणून नुसते पाण्यात शिजवलेले ओट सपक लागतात. तेच कोरड्या कढईत तीन-चार मिनिटं परतले की घरभर वास सुटतो. दुसरी गोष्ट फोडणी. जिरं, लसूण, कढीपत्ता यांतले सुवासिक पदार्थ पाण्यापेक्षा तेलात चांगले उतरतात. आणि तिसरी गोष्ट आंबटपणा.

रात्री पीठ ताकात कालवून ठेवलं की ताकातले जिवाणू पिठातल्या थोड्याशा साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. चव येते आणि आणखीही दोन गोष्टी घडतात. आंबट मिश्रणात रोगकारक जंतूंना वाढणं अवघड होतं. शिवाय धान्यातलं लोह आणि जस्त अडवून धरणारं 'फायटिक आम्ल' आंबवताना काही प्रमाणात मोडतं. वरून लिंबू पिळलं तर क जीवनसत्त्वामुळे लोह आणखी चांगलं शोषलं जातं. लगेच वर चहा प्यायला तर उलटा परिणाम होतो.

ताकाचं आणखी एक काम आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फार कमी असतं. शिवाय पाण्यात शिजवल्यावर ही प्रथिनं एकमेकांत गुंतून पचायला जड होतात. आंबवल्यानं ती थोडी सुलभ होतात आणि ताका-दुधातून किंवा डाळीतून लायसिनची भर पडते. कण्यांबरोबर ताक आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर पिठलं खाण्याची रीत पोषणाच्या दृष्टीनंही योग्य आहे.

पुढच्या खेपेला त्या शाळेत गेलो तेव्हा कण्या कशा करतात हे आम्ही वर्गालाच विचारलं. ती मुलगी आधी गप्पच होती. मग म्हणाली, "आजी ताक शेवटी घालते, सर. आधी घातलं की फुटतं." अगदी बरोबर! तापवल्यावर ताकातल्या प्रथिनांचे गोळे होतात आणि पाणी वेगळं होतं. मग आंबिलीत ताक उकळूनही का फुटत नाही? तिथे पीठ आधीच ताकात कालवलेलं असतं. फुगलेला स्टार्च प्रथिनांच्या मध्ये येऊन त्यांना एकत्र गोळा होऊ देत नाही. कढीला बेसन लावतात तेही यासाठीच.

करायची रीत

कण्या: एक वाटी कण्या कोरड्याच हलक्या भाजाव्यात, धुऊन अर्धा तास भिजवाव्यात. चार ते पाच वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात कण्या घालाव्यात. मंद आचेवर, अधूनमधून ढवळत, पंचवीस-तीस मिनिटं शिजवाव्यात. कणी बोटांत सहज दाबली गेली की झाल्या. मीठ घालून खाली उतरवाव्यात, कोमट झाल्यावर ताक घालून वर जिरं-लसणाची फोडणी द्यावी. सोबत कांदा हवाच.

आंबील: अर्धी वाटी ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ दोन वाट्या ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावं. सकाळी तीन वाट्या पाणी घालून सतत ढवळत उकळावं. मीठ, ठेचलेला लसूण, जिरं घालावं.

ओट: अर्धी वाटी चेपलेले ओट कोरडे परतून घ्यावेत. फोडणीत कांदा आणि हाताशी असेल ती भाजी परतून दीड वाटी पाणी घालावं, उकळल्यावर ओट घालून पाच मिनिटं शिजवावं. निवल्यावर ताक किंवा लिंबू. सांगलीच्या स्नेह्यांकडे आम्ही हे करून पाहिलं. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पातळ पेजेचा हिशोब

आतापर्यंत मोठ्यांच्या वाडग्याबद्दल बोललो. लहान मुलाच्या वाटीचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि तो गणिताच्या तासालाही घेता येईल.

शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३४० किलोकॅलरी ऊर्जा असते. एवढ्या पिठाची एक लिटर पेज केली तर शंभर मिलिलिटरमध्ये ३४ किलोकॅलरी येतात. एक वर्षाच्या, नऊ किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण अडीचशे मिलिलिटर मावतं. म्हणजे पोट तुडुंब भरूनही मिळाल्या ८५ किलोकॅलरी. आईचं दूध चालू असलेल्या एक ते दोन वर्षांच्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ५५० किलोकॅलरी लागतात. ५५० भागिले ८५, म्हणजे दिवसातून साडेसहा वेळा पोटभर पेज! रानात कामाला जाणारी आई हे कसं जमवणार? मूल जेवतं, पोट भरतं, रडत नाही आणि तरीही उपाशी राहतं.

मग पीठ दुप्पट घालावं तर पेज इतकी घट्ट होते की बाळाला गिळता येत नाही. म्हणून आई पाणी वाढवते आणि पुन्हा पहिल्या ठिकाणी येते. अडचण धान्याची नसून फुगलेल्या स्टार्चच्या कणांची आहे.

तोड आपल्याच घरात आहे. दाण्याला मोड येतात तेव्हा अंकुराला खायला मिळावं म्हणून दाण्यात 'अमायलेज' हे विकर तयार होतं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या कापून तुकडे करतं. तुकड्यांना पाणी धरून ठेवता येत नाही, पेज पातळ होते. ऊर्जा मात्र तेवढीच राहते, कारण ग्लुकोज कुठेच गेलेलं नसतं. लिटरला दोनशे ग्रॅम पीठ घालूनही पेज पाजण्याजोगी राहिली तर अडीचशे मिलिलिटरमध्ये १७० किलोकॅलरी येतात आणि साडेसहा वेळांच्या जागी तीन-साडेतीन वेळा पुरतात. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोड आणलेल्या धान्याच्या चिमूटभर पिठाचा हा उपयोग अभ्यासला आणि मांडला. नाचणीला मोड आणून पीठ करण्याची रीत आपल्याकडे आधीपासून आहेच.

वर्गात करून पाहा

नाचणी बारा तास भिजवा, ओल्या फडक्यात एक-दोन दिवस बांधून मोड आणा. उन्हात कडकडीत वाळवा, चोळून मोड झाडून टाका आणि दळा. यातलं थोडं पीठ वेगळं काढून तव्यावर चांगलं खरपूस भाजा.

एक वाटी ज्वारीचं पीठ पाच वाट्या पाण्यात कालवून शिजवा. ही पेज तीन भांड्यांत सारखी वाटा आणि गरम पाण्यात ठेवून ६० ते ६५ अंशांवर येऊ द्या. आता 'अ' भांड्यात एक चमचा साधं नाचणीचं पीठ, 'ब' मध्ये एक चमचा मोडाचं पीठ आणि 'क' मध्ये एक चमचा भाजलेलं मोडाचं पीठ घालून ढवळा. दहा मिनिटांनी प्रत्येकातली एक चमचा पेज ताटलीत ओता आणि मिनिटभरानं तिचा व्यास मोजा. तिन्हींत पीठ सारखंच असूनही 'ब' पाण्यासारखी पसरते. 'क' का पसरत नाही, हे मुलांनाच विचारा. प्रत्येकातली थोडी पेज गार करून तिच्यात पातळ केलेल्या टिंक्चर आयोडिनचा थेंब टाका. 'अ' आणि 'क' गडद निळ्या होतील. 'ब' चा रंग, पुरेसा वेळ दिला तर, जांभळट-तांबूस होत जातो. गरम पेजेत हा रंग दिसत नाही, म्हणून गार करणं महत्त्वाचं. आयोडीन टाकलेली पेज अर्थातच कोणी चाखू नये.

तीन सूचना. एक, मोडासाठी ज्वारी घेऊ नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारा पदार्थ असतो. कोवळी, पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी जनावरांना चारू नये असं शेतकरी सांगतात ते त्यामुळेच. दोन, बाळासाठी पेज करताना मोडाचं पीठ घालून ती पातळ झाल्यावर पुन्हा एक उकळी आणा, म्हणजे पिठाबरोबर आलेले जंतू मरतील. तीन, सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचंच दूध, दुसरं काही नको. त्यानंतरही नुसत्या पेजेवर भागत नाही, डाळ, भाजी, थोडं तूप-तेल लागतंच.

त्या आठवीच्या वर्गानं हा प्रयोग केला. ताटलीत 'ब' पसरताना पाहून मुलं म्हणाली, "सर, यात पाणी घातलंत!" घातलं नव्हतं. मग वाद झाला, पुन्हा करून पाहिलं. घरी धाकटी भावंडं असलेल्या चार-पाच जणांनी मोडाचं थोडं पीठ कागदात बांधून नेलं. पहिली पुडी त्या कण्यावाल्या मुलीनं मागितली.

काही प्रश्न मुलांसाठी सोडतो. बाजरीच्या किंवा गव्हाच्या मोडाचं पीठ नाचणीइतकंच पेज पातळ करतं का? मोडाचं पीठ महिनाभर ठेवल्यावर त्याचा परिणाम कमी होतो का? तुमच्या गावात कण्या, ओट आणि बिस्किटं यांत शंभर किलोकॅलरी किती रुपयांना पडतात? वर्गात ताटलीवर मोजलेले व्यास आणि हा हिशोब आमच्याकडे जरूर पाठवा.